उद्धवबाबूंचा ओटीपी

कामं ऑनलाइन झाली, हे आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण ऑनलाइन झालेलं काम नेमकं कुठे अडतं याचा माग काढत गेलं, तर तो कधीकधी कॉम्प्युटरपाशी न थांबता एखाद्या घराच्या ओसरीवर जाऊन पोचतो. नांदुऱ्याच्या एका शाळेचं काम असंच उद्धवबाबूंच्या ओसरीवर जाऊन अडत होतं.

उद्धवबाबू म्हणजे त्या शाळेचे निवृत्त बडे बाबू, कचेरीतले मुख्य कारकून. माणूस मुलखाचा प्रामाणिक. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कपाटांच्या चाव्या, शिक्के, शाईचं पॅड, इतकंच काय टाचण्यांची अर्धी डबीसुद्धा टेबलावर मांडून परत केली होती. "शाळेची एक टाचणी माह्या घरात सापडली त मले जोड्यानं मारा," असं वर म्हणालेही होते. त्यांच्या टेबलावर कागद कधी शिळा झाला नाही, अशी त्यांची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती.

पण एक गोष्ट त्यांच्यासोबत घरी आली. सरकारी पोर्टल सुरू झालं तेव्हा नोंदणीला मोबाईल नंबर हवा होता. शाळेकडे मोबाईल कुठला? मास्तर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली, तेव्हा उद्धवबाबूंनी पुढे होऊन आपला नंबर दिला. त्यात काही चूक नव्हती. ज्या वयात माणसं कॉम्प्युटर पाहून खुर्ची मागे ओढतात, त्या वयात ते एका बोटाने का होईना, टाइप करायला शिकले होते. पोर्टल उघडायचं म्हटलं की त्यांच्या मोबाईलवर ओटीपीचे आकडे यायचे, आणि ते टाकले की काम सुरू व्हायचं. पुढे बाबू निवृत्त झाले, नंबर मात्र नोकरीतच राहिला.

त्यांच्या जागी आलेली श्रद्धा रोज फोन करायची. "काका, ओटीपी आला का?" मग उद्धवबाबू चष्मा पुसायचे, घसा खाकरायचे आणि तीर्थ द्यावं तसा एकेक आकडा सांगायचे. न्हाव्याकडे फोन आला तर अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबायचा. लग्नात ऐन मंगलाष्टकांत फोन वाजला तर "ऑफिसचं काम हाय" असं चार लोकांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणत ते मांडवाबाहेर जायचे, आणि परत येताना अंगावर मूठभर मांस चढलेलं असायचं. ओटीपी कोणालाही सांगू नये, अशी ताकीद फोनवर रोज ऐकू येते. पण ती इतरांसाठी, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

श्रद्धाने त्यांना कितीदा तरी विनवलं होतं. "काका, शाळेने आता स्वतःचं सिम घेतलंय. नंबर बदलून टाकू या का? त्यासाठी तुमच्या नंबरवर शेवटचा एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

"बदलू ना बेटा! मी काय कुठं पळून चाललो? दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली, संक्रांत झाली, उन्हाळ्याच्या सुट्ट्याही संपल्या. नंबर तोच.

आपण त्यांना हसू शकतो, पण हसू नये. आयुष्यभर ज्या माणसाच्या सहीवाचून पान हललं नाही, त्याला एका दिवसात भाजीची पिशवी हातात देऊन घरी पाठवतात. दिवसातून चारदा फोन वाजतो तोवर आपण कोणीतरी आहोत, असं त्यांना वाटत होतं. तो थांबला तर काय, हा विचार ते पुढच्या सणावर ढकलत होते.

यंदा शाळा उघडली आणि नव्या संगणक कक्षाचं उद्घाटन झालं. निवृत्त मंडळींना बोलावून शाल-श्रीफळ दिलं. उद्धवबाबूंना निमंत्रणच आलं नाही. कोणी मुद्दाम टाळलं नव्हतं. बाबूंशी रोजच बोलणं होतं, दुसऱ्या कोणी सांगितलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं. रोज लागणाऱ्या माणसालाच आमंत्रण द्यायचं राहून जातं, हे आपलं जुनं दुखणं आहे. पण उद्धवबाबूंच्या जिव्हारी लागलं. मान सांगावा जना, अपमान सांगावा मना, या न्यायाने ते घरातही काही बोलले नाहीत. मनाशी मात्र म्हणाले, आता येऊ द्या फोन!

दुसऱ्या दिवशी शाळा भरली आणि फोन वाजला. त्यांनी तो पालथा घातला. थांबला, पुन्हा वाजला. त्यांच्या पत्नी कोकिळाबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"अजी, फोन वाजून राह्यला. आयकू येत नाही का?"

"वाजू दे."

"काऊन? श्रद्धाचा असन ना."

"असन! शाल द्याले मी नाही आठवलो त्याइले, ओटीपीले बरा आठवतो. बसू दे आज हात चोळत!"

असं होय! कोकिळाबाईंच्या लक्षात सगळं आलं. त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं.

"तुमाले बलावलं नाही हे वाईटच झालं. मलेही वाईट वाटलं. पण एक सांगा, रिटायर झाले त्या दिवशी कपाटाच्या चाव्या काऊन देऊन आले?"

"काऊन म्हणजे? शाळेच्या होत्या."

"अन् हे?" त्यांनी पालथ्या फोनकडे बोट दाखवलं.

"हे काय बोलणं झालं? फोन माहा हाय."

"फोन तुमचाच हाय जी. पण त्यात येते ते चावी कोनाची हाय? लोखंडाची असती त तुम्ही एक रात्र घरात ठेवली नसती. डोळ्यानं दिसत नाही म्हून खिशात घालून फिरून राह्यले! राग आला असन त हेडसराच्या घरी जा, दोन शब्द सुनवा त्याइले. तुमचा हक्कच हाय. पण असं केल्यानं अडन कोन? हेडसर का? त्याइचा पगार त महिन्याले होतेच."

उद्धवबाबूंनी फोन उचलला आणि पुन्हा पालथा ठेवला. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा फोन बंद झाला त मले कोन इचारन वं?"

कोकिळाबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "आता खरं बोलले तुम्ही. पण अजी, त्या फोनवर तुमाले कुठं कोन इचारते? आकडे इचारतात."

हा घाव वर्मी बसला. तरीही सुंभ जळला म्हणून पीळ थोडाच जळतो! उद्धवबाबूंनी फोनचा आवाज बंद केला आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपरातलं एक अक्षरही त्यांनी वाचलं नाही.

दुपारी दाराशी कोणीतरी हाक दिली. "उद्धवबाबूचं घर हेच काय?"

दारात एक म्हातारी उभी होती. उन्हाने चेहरा लाल झालेला, पदराने घाम पुसत होती. सोबत तेराचौदा वर्षांची मुलगी. म्हातारीने उद्धवबाबूंना निरखून पाहिलं आणि हात जोडले.

"तब्येत बरी हाय ना साहेब? सकाळपासून फोन नाही उचलला म्हून श्रद्धा मॅडम घाबरल्या होत्या. म्हने, काका असं कधी करत नाहीत, नक्कीच बिमार असतीन. त्याइच्यासमोर लोकाइची गर्दी, त मीच म्हटलं, पाहून येतो. येता येता मारुतीपुढे हात जोडले, म्हटलं देवा, साहेबाले बरं ठेव."

उद्धवबाबूंच्या हातातला पेपर खाली आला. म्हातारीने चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं!

"बसा माय," कोकिळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाल्या. "काय काम होतं?"

म्हातारीचं नाव सोजराबाई. ही तिची नात प्रतीक्षा. मुलीचे आईबाप सुरतेकडे कामाला, मुलगी आजीपाशी. गावाहून नांदुऱ्याला येणारी एस.टी. कधी येते, कधी येत नाही, आणि न आली की शाळा बुडते. अशा बुडत्या शाळेतही पोरीने पहिला नंबर सोडला नाही. आता बुलढाण्याच्या मुलींच्या निवासी शाळेत तिची निवड झाली होती. राहणं, जेवण, शिकणं सगळं तिथेच. यादी कालच लागली होती.

"पन ते म्हनतात, कॉम्प्युटरमंधी पोट्टीचं नाव आंदीच्या शाळेनं सोडाले पाह्यजे," सोजराबाई म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत सोडलं नाही त जागा पुढच्या पोरीले देतीन. अन् मॅडम म्हनतात, ते नाव सोडाले तुमच्या फोनात आकडे येतात. मले काही समजत नाही साहेब. माह्या नातीचं नाव तुमच्या फोनात अडकलं, एवढं समजलं."

प्रतीक्षा टेबलावरच्या पालथ्या फोनकडे पाहत होती.

उद्धवबाबूंनी फोन सुलटा केला. श्रद्धाचे न उचललेले कॉल खालपर्यंत लागले होते. अरे देवा! ज्या माणसाने उभ्या नोकरीत कोणाचा कागद रात्रभर टेबलावर राहू दिला नाही, त्याच माणसाने या पोरीचं आख्खं भवितव्य टेबलावर पालथं घालून ठेवलं होतं! आणि कशासाठी? एका शालीसाठी!

ते उठले. सदरा बदलायचंही त्यांना सुचलं नाही. "चाला," एवढंच म्हणाले, आणि ऑटो बोलावून दोघींना घेऊन शाळेत पोचले.

शाळेच्या व्हरांड्यात माणसं बसून होती. कोणाला मुलाचं नाव दुरुस्त करायचं होतं, कोणाला दुसऱ्या शाळेत न्यायचं होतं. एक बाई भिंतीला टेकून तान्ह्याला निजवत होती. उद्धवबाबू त्यांच्यामधून वाट काढत आत गेले आणि जाता जाता त्यांच्या ध्यानात आलं, की ही सगळी माणसं आपल्या ओटीपीसाठी बसली आहेत. आपल्या फोनवर शाळेची कचेरी चालते, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. ती तर त्यांच्या फोनपायी थांबत होती!

आत श्रद्धा कॉम्प्युटरसमोर रडकुंडीला आली होती. त्यांना पाहताच उठून उभी राहिली. "काका, बरे आहात ना?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"मी ठणठणीत हाय. आंदी या पोरीचं काम कर."

आकडे आले, टाकले गेले. शेवटचा दिवस म्हणून पोर्टलही रेंगाळत होतं. पडद्यावरचं चक्र गरगर फिरत राहिलं आणि सगळे श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहिले. शेवटी प्रतीक्षाचं नाव या शाळेतून मोकळं झालं. श्रद्धाने लगेच बुलढाण्याला फोन लावला. "दिसलं? नक्की दिसलं ना?" तिने फोन ठेवला आणि हसून मान हलवली. प्रतीक्षा इतका वेळ कोरडी उभी होती, ती आता आजीच्या पदरात तोंड खुपसून रडली.

सोजराबाई उद्धवबाबूंच्या पायांशी वाकू लागली. त्यांनी तिचे हात वरच्या वर धरले.

"नाही माय, माह्या पाया नको पडू. मी बिमार नव्हतो. घरी बसून होतो. फोन वाजत होता, मी पाहत होतो, अन् मी उचलला नाही. रुसलो होतो."

सोजराबाईने त्यांच्याकडे काही वेळ पाहिलं.

"रुसाले काही हरकत नाही बापा," ती म्हणाली. "पन आमाले काय मालूम तुम्ही कोनावर रुसले? आम्ही त नुसते वाट पाहत होतो."

उद्धवबाबूंनी मान खाली घातली. मग खुर्ची ओढून ते श्रद्धाच्या शेजारी बसले. "बेटा, तो नंबर बदल. आत्ताच बदल, घरी गेल्यावर माहं मन फिरन."

त्यांच्या फोनवर शेवटचा ओटीपी आला. या वेळी त्यांनी घसा खाकरला नाही. आकडे एका दमात सांगून टाकले. पुढच्या कामाचा ओटीपी शाळेच्या, श्रद्धाच्या टेबलावरच्या मोबाईलवर टिंग करून वाजला आणि तिने त्यांच्याकडे न पाहताच तो टाकला. तेव्हा छातीत कळ आली, हे खरं. पण व्हरांड्यातली माणसं भराभर आत येऊन, काम आटोपून बाहेर पडू लागली, आणि ते पाहता पाहता ती कळ ओसरलीही.

मुख्याध्यापक गजेंद्र सर झाला प्रकार ऐकून धावत आले. "बाबू, तुम्हाला बोलवायचं राहिलं. फार मोठी चूक झाली आमची."

"झाली सर, अन् मले लागलं. खोटं काऊन बोलू? पण ते मी तुमाले येऊन सांगाले पाह्यजे होतं. या लोकाइचा काय गुन्हा?"

मंडळी, उद्धवबाबू काही वाईट माणूस नाहीत. असे उद्धवबाबू आपल्या प्रत्येक कचेरीत, बँकेत, सोसायटीत आहेत. कुठे पासवर्ड एकाच्याच डोक्यात असतो, कुठे नंबर बदलीवर गेलेल्या साहेबांचा असतो, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना आपण "सर्व्हर डाउन" असं सांगतो. नवं यंत्र आणल्याने काम लवकर होत नाही. काम एका माणसावाचून अडणार नाही, अशी सोय केल्याने ते होतं. खुर्ची सोडणाऱ्याने तिच्यासोबतचा अधिकारही आनंदाने सोपवावा, आणि मागे राहिलेल्यांनी त्या माणसाला केवळ आकड्यांपुरतं आठवू नये. दोन्ही बाजूंनी एवढं शहाणपण आलं, तर आपल्या कचेऱ्यांतल्या कॉम्प्युटरचं सार्थक होईल.

प्रतीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने बुलढाण्याला गेली.