स्मोक्विनाचा कौल

दिन्का माझी वहिनी. माझा भाऊ येर्को गेला तेव्हा त्यांची मुलगी अजून शाळेत जात होती. समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं दुमजली घर तेवढं भावाने मागे ठेवलं. वहिनीने त्यातल्या वरच्या खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आणि त्याच जोरावर पोरीला राजधानीत, झाग्रेबला शिकायला पाठवलं. शेजारी झोर्का राहायची. तिच्याही खोल्या होत्या. माझ्या पुतणीला बाप्तिस्म्याच्या वेळी झोर्कानेच हातावर धरलं होतं, आणि आमच्या किनाऱ्यावर हे नातं रक्ताच्या नात्याहून घट्ट मानतात. एकीकडे जागा नसली की पाहुणा दुसरीकडे जायचा. दोन अंगणांमध्ये भिंत होती, पण तिचा उपयोग कॉफीचे कप ठेवण्यापुरताच.

मी होडी चालवायचो. पाहुण्यांना सकाळी गुहेकडे न्यायचं, दुपारी परत आणायचं. आमच्या स्मोक्विना गावात दुसरा धंदाच नव्हता. तरणी पोरं तोवर आयर्लंडला जाऊ लागली होती. झोर्काचा एकुलता एक मुलगा याक्शासुद्धा गेला. डब्लिनजवळ कुठल्याशा गोदामात खोकी उचलायचा.

अशाच एका वसंतात कंपनीची माणसं आली. गावाच्या दक्षिणेला, पर्यटकांच्या तंबूंच्या जुन्या कॅम्पच्या जागी कोळशावर चालणारं वीजकेंद्र उभं करायचं होतं. कोळशाची जहाजं लागायला धक्काही तिथेच बांधणार होते. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा भरली. गुळगुळीत दाढीच्या एका साहेबाने पडद्यावर चित्र दाखवलं. चित्रात आमचा उपसागर होता, आमचे पाइनवृक्ष होते आणि त्यांच्यामागे एक उंच, फिकट निळी चिमणी.

"चिमणीला आभाळाचा रंग देणार आहोत," साहेब म्हणाला. "म्हणजे पर्यटकांच्या नजरेत भरणार नाही."

वहिनी उठली. "साहेब, माझे पाहुणे ऑस्ट्रियाचे आहेत, आंधळे नाहीत."

हॉल हसला. सरपंच रांको समोरच्या रांगेत होता, तोही हसला आणि लगेच खाली बघू लागला. साहेबसुद्धा हसला. मग त्याने पुढचं चित्र लावलं आणि नोकऱ्यांविषयी बोलायला लागला. हॉलचं हसू ओसरलं. मी झोर्काकडे पाहिलं. ती मान पुढे काढून ऐकत होती, जणू कोणी तिच्या पोराचं नाव घेणार होतं.

वहिनी आणि आणखी चारपाचजणांनी सह्या गोळा केल्या आणि गावात मतदान घ्यायला लावलं. वीजकेंद्र हवं की नको, एवढाच प्रश्न. नियम मात्र असा, की मतदारयादीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी येऊन मत टाकायला हवं. नाहीतर कौल कुठलाही असो, तो रद्द. अन् यादीत आयर्लंडची सगळी पोरं होती. पत्ता बदलायचे कष्ट कोणी घेतले नव्हते. कंपनीने विरोधात एक शब्दही काढला नाही. लोक घरी बसले की तिचं काम होणार होतं.

वहिनी दारोदार फिरली. मी होडी बांधून तिच्याबरोबर जायचो. टेकडीवर राहणारी म्हातारी फिलोमेना म्हणाली, "अगं, मी येईन, पण मला उचलून न्यावं लागेल." तिला आम्ही खरंच खुर्चीसकट उचलून नेलं. आयर्लंडच्या पोरांना फोन केले, तर ती म्हणायची, "काकू, विमानाचं तिकीट तू काढतेस का?" वहिनी हसायची. फोन ठेवला की तिचा चेहरा उतरायचा.

"भावजी, झोर्काला विचारायला नको ना?" एकदा तिने मला विचारलं.

"झोर्काला काय विचारायचं? ती आपलीच."

मतदान रविवारी होतं. मी शाळेत पेटीजवळ बसलो होतो. प्रार्थना संपल्यावर माणसं आली, मग दुपारी कोणीच नाही, मग पुन्हा थोडी. वहिनी दारात उभी राहून येणाऱ्यांची तोंडं बघत होती. ऊन कललं तरी झोर्काचा पत्ता नव्हता. वहिनी म्हणाली, "चला, तिला घेऊन येऊ." माझ्या जागी दुसऱ्याला बसवून मी निघालो.

झोर्का अंगणात पालक निवडत बसली होती. आमची चाहूल लागली तरी तिने मान वर केली नाही.

"चल ना गं," वहिनी म्हणाली. "बंद व्हायची वेळ झाली."

"माझं अंग दुखतंय."

"अंग दुखतंय की आणखी काही?"

झोर्काने पानं पाटीत टाकली. "याक्शाचा फोन आला होता. म्हणतो, तिकडे काम निघालं तर मी परत येईन, आई."

"तिकडे म्हणजे?"

"तिकडेच. केंद्रात."

वहिनी पायरीवर बसली. मला वाटलं, आता ओरडेल. पण ती अगदी हळू बोलली. "झोर्का, त्या धुरात कोण येऊन राहणार आहे? आपल्या खोल्या, हे पाणी... आपण पोरं याच पाण्यात वाढवली."

"हो ना," झोर्का म्हणाली. "पाणी इतकी वर्षं स्वच्छच होतं. म्हणून माझा पोरगा घरी राहिला का? तुझी पोरगी आठ तासांत बसने येते. माझा नाताळला येतो, तोही आला तर. मी तुझ्याविरुद्ध मत टाकणार नाही, दिन्का. मी फक्त घरी बसणार आहे."

"ते एकच आहे, आणि तुला ते माहीत आहे."

"माहीत आहे."

वहिनी उठली. बंद व्हायच्या आत ती पुन्हा शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली.

आलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी 'नको' म्हटलं होतं. पण यादीतले निम्मेही लोक आले नव्हते. कौल रद्द. सरपंच रांकोने आकडे वाचले आणि म्हणाला, "मला वाईट वाटतं." कदाचित वाटलंही असेल. फिलोमेनाला कोणीतरी खुर्चीसकट परत टेकडीवर नेलं. वाटेत ती विचारत होती, "मग जिंकलो ना आपण?"

पुढच्या हिवाळ्यात पाइन पाडले. मग दोन वर्षं डोंगर फोडायचा आवाज. पाहुणे कमी होत गेले. वहिनीने भाडं उतरवलं, भिंती रंगवल्या, पाहुण्यांना निघताना घरचे सुके अंजीर बांधून दिले. कामाच्या आवाजाबद्दल कोणी विचारलं तर म्हणायची, "रस्ता होतोय." मी एकदा म्हटलं, "वहिनी, खोटं किती दिवस बोलणार?" ती म्हणाली, "लोक खिडकीतून बाहेर बघेपर्यंत."

केंद्र सुरू झालं त्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या ग्राझचे पिख्लर नवराबायको आले. वहिनीने खोल्या द्यायला सुरुवात केली तेव्हापासूनचे पाहुणे. त्यांनी माझ्या पुतणीला पोहायला शिकवलं होतं. वहिनी पहाटे उठून गच्चीवरचं टेबल पुसायची, ते जागे व्हायच्या आत. दक्षिणेचा दमट वारा सुटला की बारीक काळी पूड गच्चीवर येऊन बसायची. टेबल, खुर्च्या, द्राक्षाची पानंसुद्धा ती फडक्याने पुसायची. होडीकडे जाताना मी वरच्या वाटेवरून बघायचो. वेलीची पानं पुसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी दोघं बॅगा घेऊन खाली आले. दोन आठवडे राहायचं ठरलं होतं.

"जावयाची तब्येत जरा बरी नाही," बाई म्हणाल्या.

"अरेरे," वहिनी म्हणाली. "सांभाळा त्याला."

त्यांना जावई नव्हता. मूलबाळच नव्हतं. हे वहिनीलाही ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्यांनाही. बाईंनी तिच्या दोन्ही गालांचा मुका घेतला आणि खूप वेळ तिला सोडलंच नाही. गाडी वळणाआड गेल्यावर वहिनी मला म्हणाली, "भली माणसं हो. मला वाईट वाटू नये म्हणून आख्खा जावई पैदा केला."

ती हसली. तिचं तसं हसणं मला नको वाटलं.

त्याच ऑगस्टात याक्शा आला. झोर्काने आठवडाभर आधीपासून घर धुतलं, सार्डिन मासे मिठात घातले, त्याची खोली पाहुण्यांना द्यायची थांबवली. एरवीही तिथे येणारं कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर गेला आणि दुपारच्या जेवणाआधी परतला. यंत्रांवरची माणसं बाहेरून आणली होती. गावासाठी फाटकावरचा पहारा आणि झाडलोट होती, तीही सहा महिन्यांच्या करारावर. याक्शाने जेवताना आईला सांगितलं, "गोदामात मला याच्या तिप्पट मिळतात, आई." तिने विचारलं, "पण घर?" तो खिडकीबाहेर बघत बसला. रजा संपायच्या आधीच तो निघाला.

त्यानंतर झोर्का दाराबाहेर पडेना. चर्चला नाही, दुकानात नाही. एक दिवस वहिनीने भांड्यात रस्सा भरला आणि म्हणाली, "भावजी, चला माझ्याबरोबर. एकटीने पाय उचलत नाही." मतदानापासून दोघी बोलल्या नव्हत्या.

झोर्का स्वयंपाकघरात बाकावर पडून होती. आम्हाला पाहून उठून बसली, केस नीट केले.

"म्हण," ती म्हणाली. "म्हण ना. किती दिवस वाट बघतेय मी. 'मी सांगितलं होतं', असं म्हण."

वहिनीने भांडं चुलीवर ठेवलं. "काय म्हणू? तू आली असतीस तर एक मत वाढलं असतं. आपण कितीतरी मतांनी कमी पडलो. तुझ्या येण्याने काही झालं नसतं."

झोर्काचे डोळे भरले. "हे नको सांगूस, दिन्का. माझ्यामुळे झालं, एवढं तरी असू दे. नाहीतर मी ते कशासाठी केलं?"

वहिनी तिच्याशेजारी बाकावर बसली. रस्सा उतू जायला लागला तेव्हा उठून मीच तो उतरवला.

वहिनीच्या खोल्यांत आता ठेकेदाराची माणसं राहतात, बारा महिने. ती बूट घालूनच जिना चढतात. भाडं वेळेवर येतं, तिला ते झाग्रेबमध्ये मिळतं. ती तिथे मुलीकडे राहते, पाचव्या मजल्यावर. फोनवर विचारते, "झोर्का कशी आहे?" मी सांगतो, "आहे." मग ती हवेचं विचारते, आणि मी सांगतो वारा कुठून आहे.