तंबाखूचा रकाना

ज्योत्स्नाचं काम म्हणजे चोख काम. लिंबागणेशच्या पलीकडच्या या गावात ती नऊ वर्षं आशाताई होती, आणि तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा आरोग्य तपासणीचा फॉर्म तिने स्वतः त्याच्या दारात बसून भरला होता. तंबाखू, दारू, व्यायाम, आईबापांना साखर किंवा बीपी होतं का, आणि शेवटी कमरेचं माप. या मापाला बायकांपेक्षा बाप्येच जास्त लाजायचे. सर्जेरावांनी टेप बघताच पोट असं आत ओढलं की ज्योत्स्नाला म्हणावं लागलं, "मामा, श्वास घ्या, मी थांबते." मामांचा श्वास सुटला आणि टेप चार बोटं पुढे सरकला. तिने तोच आकडा लिहिला.

म्हणून आरोग्य केंद्रातल्या महिन्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टर योगिता मॅडमनी तिच्या गावाचं नाव घेतलं तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं. दोनशे सहा बायका, आणि तंबाखू खाणारी एकही नाही! तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करणारं पथक येणार होतं, पण तीनच गावांत. जिथे तंबाखू खाणाऱ्या बायका जास्त, तिथे. "तुमच्या गावाला गरज नाही, हे चांगलंच आहे," मॅडम म्हणाल्या. बाकीच्या आशांनी टाळ्या वाजवल्या आणि ज्योत्स्ना फुलून गेली.

दुसऱ्या दिवशी ती साखराबाईकडे बीपीच्या गोळ्या द्यायला गेली. साखराबाई शेळ्या राखायची. पन्नाशी उलटलेली, तोंडाने फटकळ आणि मिरचीशिवाय घास न उतरणारी. आज मात्र ताटात दुधात कुस्करलेली भाकरी होती.

"मावशी, ठेचा कुठं गेला तुमचा?"

"सोसत न्हाई आता. दोन म्हयने झाले, तोंडात नुसती आग व्हती."

ज्योत्स्नाने तिला उजेडाकडे वळवलं आणि गाल बाजूला करायला सांगितला. आत रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. तिची भीती रागाच्या रूपाने बाहेर पडली. "तंबाखू खाता, आणि मला नाही म्हणून सांगता?"

"लेकरांची आन! आमच्या घरात बाईमानसानं तंबाकूला हात लावला न्हाई कदी."

"मग हे कशानं?"

"काय की बाई. मी तर सकाळ-संध्याकाळ मिसरी लावते. दात लई साफ ऱ्हातेत."

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना घासायची, ती मिश्री. पण तिला तंबाखू म्हणतं कोण? ती दात घासायची वस्तू. तंबाखू ती, जी बाप्ये चुना लावून गालात धरतात. ज्योत्स्नाचा प्रश्न ठरलेला होता, 'तंबाखू खाता का?' त्याला कुणीही खोटं उत्तर दिलं नव्हतं. तिनेसुद्धा नाही. स्वतःच्या फॉर्मवर 'नाही' लिहिताना तिच्याही दातांना त्या सकाळची मिश्री होतीच. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

"मावशी, बीडला चला. मी येते सोबत."

"शेळ्या सोडून मला न्हाई जमायचं. तुझे डाक्टर हितं आले तर दावीन तोंड."

म्हणजे पथक गावात यायलाच हवं होतं, आणि ते तर तिच्याच आकड्याने दुसरीकडे पाठवलं होतं. तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या वनिताताईंना तिने फोन लावला. त्या वैतागल्या. "अहवाल वर गेलाय. आता बदललास तर म्हणतील, नऊ वर्षं काय केलं? गप्प बस, ज्योत्स्ना." सल्ला आपुलकीचा होता, म्हणून जास्त टोचला. एक दिवस ती गप्प बसलीही. पण काही केल्या तो चट्टा डोळ्यांपुढून हलेना, तेव्हा ती वही घेऊन निघाली.

आता तिने प्रश्न बदलला. "सकाळी दाताला काय लावता?" बायका डबी काढून दाखवायच्या, वर "घे की जराशी" म्हणायच्या. पण पेन तंबाखूच्या रकान्याकडे वळलं की आवाज चढायचे. "आमाला तंबाकूवाल्या लिव्हतीस? कावून? सोयरे काय म्हनतील?" सगळ्यात चढा आवाज साखराबाईचा. "आदी तुझं लिव्ह. मग माझं."

ज्योत्स्ना तिथेच ओट्यावर बसली. नव्या पानावर पहिल्या ओळीत तिने स्वतःचं नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचलं: मिश्री, बारा वर्षं, दिवसातून दोनदा.

"दोनदा न्हाई, तीनदा," साखराबाई म्हणाली. "दुपारच्याला नळावर बघितलंय म्या."

ज्योत्स्नाने दोनाचे तीन केले. बायका खो-खो हसल्या आणि आपापली नावं सांगायला लागल्या.

आठ दिवसांत दोनशे सहापैकी एकशे अठ्ठावीस नावं झाली. "मॅडम, आधीचं चुकलं. चूक माझी आहे," वही टेबलावर ठेवून ती म्हणाली. योगिता मॅडमनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "तुमच्या एकटीची नाही. ते शून्य बघून आम्ही खूश झालो, कुणालाच शंका आली नाही." एका दुपारीत तिचं गाव यादीत सगळ्यात वर गेलं आणि पथकाची तारीख ठरली.

पथक शाळेच्या वर्गात बसलं. दातांच्या डॉक्टरीणबाई वहीप्रमाणे नावं घेत होत्या, त्यामुळे पहिलं नाव ज्योत्स्नाचं निघालं.

"माझं राहू द्या. आधी या मावशींना बघा."

"बस गुमान," साखराबाई म्हणाली. "तुझं झालं की मी हायेच."

ज्योत्स्नाने बसून तोंड उघडलं. बॅटरीचा उजेड गालाच्या आत फिरला आणि एका जागी थांबला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा नीट बघितलं.

"हा चट्टा कधीपासून आहे?"

गावातल्या एकेकीचं बीपी, साखर, कमरेचं माप ज्योत्स्नाला पाठ होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधी बघितलंच नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नावापुढे बीडच्या तपासणीची तारीख लिहिली. ज्योत्स्नाने ती दोनदा वाचली. मग ती उठली आणि साखराबाईला खुर्चीत बसायला हात दिला.