पांघरुणाखालची लाज

घरात पाय ठेवला की वास यायचा. रागिणी दिवसातून दोनदा फिनाईलनं फरशी पुसे, चादर बदले, उदबत्ती लावे. वास जाईना. अंजनगाव सुर्जीच्या त्या घरात तिचे सासरे पंजाबराव लकवा मारल्यापासून अडीच महिने पाठीवर पडून होते. त्यांना चारणं-पाजणं, औषधं, वर मळ्यातल्या गड्यांचा चहा, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. भाजी चिरता चिरता तिचा डोळा लागायचा.

तिनं पुसायचं ते सासऱ्यांचं तोंड अन् हातपाय. कमरेखाली सुनेनं पाहायचं नसतं! त्यासाठी डोमाजी नावाचा जुना गडी सकाळ-संध्याकाळ यायचा, पांघरुणात हात घालून, मान दुसरीकडे वळवून धोतर बदलायचा. मालकाला उघडं कसं पाहावं? आणि पोटचा मुलगा कुंदन? तो दारातूनच विचारायचा, बाबा जेवले काय?

दवाखान्यातून सोडताना दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलं होतं. कुंदननं मान डोलावली, अन् घरी येऊन फर्मान काढलं की बाबाले हलवू नका, आराम करू द्या.

मग ताप चढला. उतरेचना. गाडी करून पंजाबरावांना अकोल्याला, जठारपेठेतल्या एका दवाखान्यात नेलं. चारुशीला नावाच्या वयस्क सिस्टरनं त्यांना कुशीवर घेतलं अन् धोतर बाजूला केलं. माकडहाडावर तळहाताएवढी कातडी काळी पडलेली, मधोमध खड्डा, खड्ड्यात हाड.

कुंदन चारचौघांत बायकोवर खेकसला, "दिवसभर घरात असतं तू. तुले दिसलं नाही काय?"

रडायचंही त्राण रागिणीत उरलं नव्हतं. ती भिंतीला टेकून म्हणाली, "सासऱ्याचं धोतर मी सोडू काय? दहा खेपा म्हटलं तुमाले, एकडाव बाबाले पाहून घ्या. तुमी म्हणे, थे बाप्या माणसाचं काम नाही."

चारुशीला सिस्टर जखम धुता धुताच बोलल्या. "भाऊ, मांडी घालून बसलं अन् पाय बधिर झाला की तुमी हलता. यांना हलता येत नाही. हाड अन् गादीच्या मधात मांस दबते, रक्त पोचत नाही. तासन्‌तास असं राहिलं की आतलं, हाडाजवळचं मांस पहिले मरते. कातडी मागून काळी पडते. तुमाले आज दिसलं. आत केव्हाचं सडून राहिलं होतं."

"पण बापाले असं उघडं..." कुंदन पुटपुटला.

"लहानपणी त्यांनी तुमाले पाहिलं नव्हतं काय?"

पंजाबरावांचा डावा हात तेवढा चालत होता. त्या हातानं ते चादर कमरेवर ओढू पाहत होते. कुंदन पुढं झाला. तो हात त्यानं धरला.

"राहू द्या बाबा. मीच हावो."

एकोणीस दिवसांनी घरी सोडलं. मेलेलं मांस कापून काढलं होतं. खड्डा भरायला कित्येक महिने लागतील, भरेलच असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. आता दर दोन तासांनी मोबाईलचा गजर वाजला की कुंदन उठतो. कूस बदलतो, पाठ बघतो, टाचा बघतो. परवा भेटायला आलेले नात्यातले खुशालराव कुरकुरले, पाहुणा इकडं अन् रोग्याचं तोंड भिंतीकडं?

"काका, या कुशीवर त्याईले दोन तास झाले, म्हणून आता तिकडं वळवलं. तुमीच खाटीच्या तिकडून बसा."

खुशालराव खुर्ची उचलून तिकडं गेले. आतल्या खोलीत रागिणी भरदुपारी गाढ झोपली होती.

बंधू-भगिनींनो, असा म्हातारा तुमच्या-माझ्या गल्लीत आहे. बाहेर त्याच्या तब्येतीच्या चौकशा, अन् पांघरुणाखाली जिता माणूस सडतो! ही कसली अब्रू? आजच पांघरूण काढा. पाठ पाहा, माकडहाड पाहा, टाचा पाहा, कूस बदला. आणि सुनेला हाक मारू नका. बाप तुमचा आहे.