माहेरून आलेला गुण्या

मी एक जुना गुण्या आहे. गुण्या हे माझं नाव नाही, काम आहे. मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत प्लॅस्टिकचे जे त्रिकोणी गुण्ये असतात, ते माझे चुलतभाऊ. मी त्यांच्यासारखा पारदर्शक नाही. माझी मूठ शिसवी लाकडाची आहे आणि पातं पोलादाचं. दोघांना पितळी रिव्हेटांनी असं जखडलं आहे, की त्यांच्यात कायम काटकोन राहावा. मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे नव्वद अंश. एकोणनव्वद किंवा एक्क्याण्णव यांबद्दल माझं काही मत नाही. ते नव्वद नाहीत, एवढंच मी सांगू शकतो.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. तिथे दिवसभर कानशी चालत आणि सगळ्यांच्या भुवयांवर लोखंडाचा भुगा बसलेला असे. मला घडवून झाल्यावर कारागिराने सरळ कडेची एक फळी घेतली. माझी मूठ त्या कडेला टेकवली आणि पात्याच्या बाजूने टोकदार पेन्सिलीने रेघ ओढली. मग मला उलटं केलं, म्हणजे मूठ डावीकडे होती ती उजवीकडे गेली, आणि त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढली. ही परीक्षा सोपी आहे, पण तिच्यात वशिला चालत नाही. मी केसभर वाकडा असतो, तर पहिली रेघ केसभर इकडे कलली असती, दुसरी केसभर तिकडे, आणि दोघींमध्ये दोन केसांची फट पडली असती. चूक उलटी केली की दुप्पट दिसते. जे बरोबर आहे, ते उलटं केलं तरी बरोबरच राहतं. माझ्या दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. कारागीर म्हणाला, "जा." माझं कौतुक तेवढंच झालं.

मग मी एका सुताराकडे गेलो. त्याचा एक शब्द होता, "गुण्यात." काटकोनात असलेली वस्तू गुण्यात आहे, नसलेली गुण्यात नाही. चौकट असो, दार असो, स्टूल असो, तो म्हणायचा, "आधी गुण्यात घे, मग खिळा मार." माझ्या हाताखालून किती खिडक्या गेल्या ते मी मोजलं नाही. संध्याकाळी तो मला तेलाच्या बोळ्याने पुसून खिळ्याला टांगायचा. त्याची मुलगी मात्र मला बंदूक समजून पळवायची. सुतार ओरडायचा, "अगं पाडशील! तो पडला की माझी सगळी दारं वाकडी!"

मुलगी मोठी झाली. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी निघाली, तेव्हा सुताराने मला कापडात गुंडाळून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "गुण्यागोविंदाने नांदा."

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी ती म्हणाली, "बाबा, गुण्या दिलात. गोविंदा कुठाय?"

सगळे हसले. सुतार म्हणाला, "तो तिकडे शोध. सगळंच माहेराने द्यायचं का?"

तिचा नवरा घड्याळजी होता. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, तो मुंगीच्या पायाएवढे स्क्रू फिरवायचा. त्याने मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "माझ्या कामात हा म्हणजे शिवणाच्या डब्यात कुदळ."

म्हणून मी बिनकामाचा झालो. वाऱ्याने उडणाऱ्या कागदांवर मी बसलो. माझ्या पात्याने रंगाचा डबा उघडला गेला, मुठीने झुरळं मारली गेली, आणि काही काळ माझ्यावर ओलं फडकं वाळत असे. त्या फडक्याने माझ्या पात्यावर गंजाचा एक डाग पाडला, तो अजून आहे. माझी मालकीण, म्हणजे सुताराची ती मुलगी, कधी कधी मला पुसायची. घड्याळजी चिडवायचा, "चालले माहेरच्यांचे लाडकोड." ती म्हणायची, "निदान ते बंद तरी पडत नाहीत, तुमच्या घड्याळांसारखे."

मग घड्याळजीचा हात थरथरायला लागला.

आधी उजवा, मग थोडा डावाही. चिमट्यातला स्क्रू खाली पडायचा आणि गुडघ्यांवर बसून तो शोधावा लागायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. शेवटी त्याने दुकान बंद केलं, हत्यारं एका पेटीत भरली आणि पेटी खाटेखाली सरकवली. मालकिणीने वर मलाही त्याच पेटीत ठेवलं. पेटीच्या फटीतून मला घरातलं ऐकू यायचं. घरच्यांनी त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. दाढी करायला न्हावी घरी येऊ लागला. चहाचा कप त्याला अर्धाच मिळू लागला, सांडू नये म्हणून. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. अर्धा कप देण्यात मायाच होती. पण तो कप तो कसा घेत असे, ते मला दिसलं नाही. नुसती बशी खडखडायची, आणि मग खडखडणं थांबायचं.

एके दिवशी त्यांची लेक माहेरी आली होती. खाटेखाली झाडताना तिचा झाडू पेटीला अडला.

"आई, ही पेटी देऊन टाकू या का? भंगारवाला खालीच उभा आहे."

खाट करकरली. घड्याळजी उठून बसला होता.

"ती ठेवायला मी कपाट करणार आहे," तो म्हणाला. "खिडकीशेजारच्या कोनाड्यात."

"तुम्ही?" लेक म्हणाली. बोलून गेल्यावर तिला ते लागलं असावं, कारण तिचा झाडू पुन्हा घाईघाईने चालू लागला.

"दाराआड प्लायवूडचा तो तक्ता कधीचा उभा आहे. तुझ्या नवऱ्याची विजेची करवत आण. कपाट जमलं, तर पेटी राहील. नाही जमलं, तर पेटी दे, हत्यारं दे, हिच्या माहेरचा हा गुण्याही दे. मी परत विचारणार नाही."

मालकीण म्हणाली, "माझ्या गुण्याने काय केलंय?"

"काहीच केलं नाही. तेच म्हणतोय."

अशी माझीही गोष्ट त्या तक्त्याला बांधली गेली. मी घाबरलो, असं म्हणणार नाही. पोलादाला घाबरता येत नाही. पण भंगारात गेलेले गुण्ये वितळवतात, आणि वितळल्यावर काटकोन राहत नाही, एवढं मला माहीत होतं.

रविवारी सकाळी त्यांनी खोली रिकामी केली. जमिनीवर लाकडी पट्ट्या टाकून त्यांवर तक्ता आडवा ठेवला. त्याची चांगली बाजू खाली होती, कारण या करवतीचं बारीक पातं वर येताना कापतं आणि वरच्या पापुद्र्याचे तुकडे उडवतं. तक्त्याची एक आखूड कड जरा चेचलेली होती. पलीकडची कड कारखान्यातून आली तशीच, दोरी ताणल्यासारखी सरळ होती. सुरुवातीला तिकडून हातभर रुंदीची एक पट्टी काढायची ठरली, कपाटाची वरची फळी म्हणून. घड्याळजीने माझी मूठ तक्त्याच्या लांब कडेला टेकवून रेघ सुरू केली. माझं पातं वीतभरच आहे, म्हणून पुढची रेघ दोरा ताणून पूर्ण केली. रेघ चोख होती.

त्याने दोन्ही हातांनी करवत धरली. लेक बटणाजवळ उभी राहिली. करवत सुरू झाली आणि रेघेवरून निघाली. मध्येच तिचा आवाज घुसमटला, मोकळा झाला, परत घुसमटला. घड्याळजी रेघेकडे पाहत होता आणि हात आपल्याच वाटेने जात होते. पट्टी सुटून पडली, तेव्हा तिची कापलेली कड नागमोडी होती. कुणी पाण्यावरून बोट फिरवावं, तशी.

घड्याळजीने मला त्या कडेला लावून पाहिलं. माझ्या पात्याखालून जागोजागी उजेड आला.

"हा तुझा गुण्याच वाकडा आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं झुरळं मारून दुसरं काय होणार? तुझ्या माहेरचं एक तरी सरळ आहे का?"

"माझे बाबा सरळ होते, म्हणूनच तुमच्याकडे दिली मला. वाकडा माणूस आधी चौकशी करतो." तिने पेन्सिल त्याच्यापुढे धरली. "उलटा करून बघा. आमच्या घरात नुसतं बोलून कुणाला वाकडं ठरवत नाहीत."

त्याने तक्त्याच्या लांब कडेला मला टेकवून रेघ ओढली, मला उलटं केलं आणि पुन्हा रेघ ओढली. पेन्सिल थरथरत होती, पण पात्याला टेकून चालली होती. दोन रेघांची एकच रेघ झाली. इतकी वर्षं, फडकी, रंगाचे डबे, सगळं होऊनही मी गुण्यात होतो. मला त्याचा आनंद झाला असता, पण घड्याळजीचा चेहरा माझ्या अगदी वर होता.

"म्हणजे हातच," तो म्हणाला. "द्या सगळं."

लेक पेटी उचलायला वाकली. मालकीण मात्र त्या रेघेकडे बघत होती.

"अहो, ही रेघ कुणी काढली?"

"मी. तुझ्यासमोर काढली."

"याच हाताने ना? मग ही कशी सरळ आली?"

"पात्याला टेकली होती पेन्सिल, म्हणून..." घड्याळजी थांबला. त्याने रेघेवरून बोट फिरवलं. मग तो हळूच हसला, बऱ्याच महिन्यांनी. "घड्याळात एक तरी चाक स्वतःच्या मनाने गोल फिरतं का? मधला आस त्याला धरून ठेवतो, म्हणून फिरतं. आणि मी आयुष्यभर आस बसवत आलो! पेटी ठेव खाली. ती पट्टी दे."

"कुठली? ती वाकडी?"

"ती एकाच बाजूने वाकडी आहे. दुसरी बाजू बघ."

खरंच होतं. पट्टीची एक कड त्याच्या हाताची होती, नागमोडी. दुसरी कारखान्याची होती, सरळ. पुढच्या कापाची रेघ आखून त्याने पट्टी तिच्यावर आडवी ठेवली, सरळ कड करवतीकडे करून. माझी मूठ तक्त्याच्या कडेला आणि पातं पट्टीला लावून तिला गुण्यात घेतलं. लेकीने दोन्ही टोकांना क्लॅम्प पिळून पट्टी घट्ट केली. आता करवतीचा तळ त्या पट्टीला घासत जाणार होता.

"थांबा," मालकीण म्हणाली. "पट्टी रेघेवरच लावलीत. करवतीचं पातं तळाच्या मधोमध आहे. मग ते रेघेवरून कसं जाईल? बाजूने जाईल. नुसतेच घाईत!"

"बरोबर आहे," घड्याळजी म्हणाला. "सुताराची मुलगी आहेस खरी."

"आज कळलं?"

पात्यापासून तळाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायला त्याने पेटी उघडली आणि दुकानातला व्हर्नियर काढला. मनगट करवतीवर टेकवलं, मग माप घेतलं. एका टाकाऊ तुकड्यावर काप घेऊन ते पडताळलं. नेमकं तेवढंच अंतर सोडून पट्टी पुन्हा बांधली आणि मला लावून पुन्हा तपासली. करवतीचं पातं स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं, म्हणून ते रेघेच्या टाकाऊ बाजूला ठेवलं.

"बाबा, मी करू का हा?" लेकीने विचारलं.

"तू बटण बघ."

करवत सुरू झाली. हात थरथरतच होते. पण त्याने करवत पट्टीवर दाबून धरली होती. थरथर एका बाजूला पट्टीवर अडत होती, दुसऱ्या बाजूला त्याचा स्वतःचा दाब तिला जाऊ देत नव्हता. तिला फक्त पुढे जायची वाट उरली होती. या वेळी आवाज घुसमटला नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर लागला, आणि तुकडा अलगद सुटला.

घड्याळजीने मला त्या तुकड्याच्या कोपऱ्यावर बसवलं आणि तो खिडकीसमोर धरला. माझ्या पात्याखालून उजेड आला नाही. त्याने तुकडा लेकीकडे दिला, तिने आईकडे. तिघांनी एकेक डोळा मिटून पाहिलं.

"आहे का गुण्यात?" त्याने विचारलं.

"आहे," मालकीण म्हणाली, आणि पदराने माझं पातं पुसायला लागली. गंजाचा डाग निघण्यासारखा नव्हता, तरी ती बराच वेळ पुसत राहिली.

कपाट पुरं व्हायला पुढचे बरेच रविवार लागले. वरची फळी तक्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून, चेचलेली कड कापून टाकून, काढली. आता कोनाड्यात हत्यारं रांगेने आहेत, आणि घड्याळजी त्याच पट्टीच्या आधाराने शेजाऱ्यांना फळ्या कापून देतो. भंगारवाला आला आणि जुने डबे घेऊन गेला. मी कपाटाच्या बाजूला खिळ्यावर असतो. माझ्या शेजारच्या खिळ्यावर ती पट्टी टांगली आहे.

मध्यंतरी शेजारीण आली होती. तिने पट्टीच्या नागमोडी कडेला हात लावून विचारलं, "एवढं सुबक कपाट, आणि हे वेडंवाकडं काय टांगलंय?"

"तो होय? तो गोविंदा," मालकीण म्हणाली. "गुण्या माहेरून आला होता. गोविंदा सासरी सापडला, पण उशिरा."

शेजारणीला काही कळलं नाही. घड्याळजी मात्र इतका हसला, की त्याच्या हातातला चहा सांडला. कप भरलेला होता. मालकिणीने तो पुन्हा भरला.

मित्रांनो, मला जपणं अवघड नाही. मला पाडू नका, ओलं ठेवू नका, माझ्याने डबे उघडू नका. माझ्यावर शंका आली, तर खुशाल उलटं करून तपासा. आणि तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत असेल, तर त्या हातातली वस्तू काढून घेण्याआधी एकदा आजूबाजूला बघा, त्याला टेकायला काही सरळ मिळतंय का. आमच्या घरात ते जमिनीवरच पडलेलं होतं, आणि आम्ही त्याला बिघडलेला तुकडा समजत होतो.