प्रश्न मोठ्याने विचारा

माझूदेवीच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. देवी समुद्राची, पण गर्दी क्वोबुवाची. त्याच्या नळकांड्यातून बांबूची जी काडी पडेल, तिच्यावरचं भाकीत खरं ठरतं, असा साऱ्या बंदरात बोलबाला. मी पायरीशीच उदबत्त्या विकतो, त्यामुळे गर्दीबद्दल माझी तक्रार नव्हती. बुवाबद्दल होती. आमच्याकडे देवीला प्रश्न मनातल्या मनात सांगायचा. याने नवंच काढलं, "मोठ्याने विचारा. लाटांच्या आवाजात मातेला ऐकू येत नाही."

जन्मभर समुद्र सांभाळणारी देवी एकाएकी बहिरी झाली आणि कुणालाही हसू आलं नाही.

त्या दिवशी अकिम म्हातारी सुनेचा हात धरून आली. मोतीबिंदूमुळे तिला ताटातली कालवंही दिसेनाशी झाली होती. दुसऱ्या दिवशी शहरात ऑपरेशन होतं. गुडघे टेकून तिने खणखणीत विचारलं, "डोळा कापून घेऊ का?"

नळकांडं खुळखुळलं, काडी पडली. बुवाने वाचली, "नाव बुडेल. मावशी, सुरी लागली की डोळा गेला. माझं राखेचं पाणी घाला, महिन्यात सुईत दोरा ओवाल."

"ऐकलंस? ऑपरेशन रद्द," म्हातारी म्हणाली.

सून स्वेयिंगचा चेहरा उतरला. मग तीही गुडघ्यांवर बसली. "माझाही प्रश्न आहे. पण मनातल्या मनात."

"मोठ्याने, पोरी."

"सासूबद्दलचा आहे. सासूसमोर कसा विचारू?"

पायऱ्यांवरच्या साऱ्या सुनांनी माना डोलावल्या. बुवाचा हात मात्र समोरच्या टेबलाखाली गेला, परत आला, पुन्हा गेला.

"खाली काय खुळखुळतंय रे?" अकिमने विचारलं. तिचे कान शाबूत होते. तिने टेबलावरचं कापड ओढलं. खाली दुसरं नळकांडं. तिने ते पालथं केलं, मी पहिलं. एकातल्या झाडून साऱ्या काड्या 'नाव बुडेल', दुसऱ्यातल्या 'नाव किनारी लागेल'. प्रश्न ऐकायचा, आपला धंदा बघायचा आणि तसं नळकांडं पुढे करायचं, एवढाच चमत्कार.

"जादाच्या काड्या आहेत त्या," बुवा पुटपुटला.

"डोळा माझा, प्रश्न माझा, आणि उत्तर तू घरून भरून आणतोस?" अकिम म्हणाली. मग सुनेकडे वळली. "आणि तू गं काय विचारत होतीस?"

"ऑपरेशन करून परतताना बसमध्ये तुम्हाला खिडकीची जागा मिळेल का."

म्हातारीने सुनेचा हात घट्ट धरला.

पट्टी सुटल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. "इतक्या बारीक उदबत्त्या विकत होतास होय मला?" म्हणाली. मला जरा महागात पडलं. तरी सांगतो, देवीला हात जरूर जोडा, पण डोळ्याचं डॉक्टरला विचारा. आणि कुणी प्रश्न मोठ्याने विचारायला सांगितला, की आधी टेबलाखाली बघा.