पिशवीचं तोंड

शिवणघरात त्या दिवशीही आई प्रत्येक पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ताणून बघत होती. "उसवतं ते इथूनच," म्हणत तिनं एक पिशवी शेजारणीच्या मांडीवर परत टाकली. मुलगी समोर बसून दोरे कापत होती.

दुपारी दरवर्षीची नर्स आली. मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, काही होत नसलं तरी या, असं तिनं याही वर्षी सांगितलं. बायका खाली माना घालून हसल्या. काही होत नाही तर दाखवायचं कशाला, असं एकीनं विचारलं. जिच्या भानगडी असतील तिनं जावं, दुसरी पुटपुटली. पिशव्यांना बंद लावणाऱ्या आत्यानं भावाच्या वतीनं निकालच दिला: आमच्या घरातल्या बायका तसल्या ठिकाणी पाय ठेवत नाहीत.

आईला मात्र होत होतं. पाळी जाऊन वर्षं लोटली होती आणि आता पुन्हा डाग पडत होते. ती उठली तेव्हा स्टुलावर दिसलेला डाग मुलीनं चिंधीनं पुसला.

"बघ, म्हातारपणी तरणी झाले," आई हळूच म्हणाली. मग मशीनचं चाक हातानं थांबवून, "एकटीनं कोण जाणार तिथं?"

आत्याचे कान इकडेच होते. मुलीनं चिंधी मुठीत दाबली आणि पुन्हा दोरे कापायला घेतले.

त्याच आठवड्यात आई मशीनवर कोसळली. हा आजार वर्षानुवर्षं दबकत वाढतो, आधी दिसला असता तर तिथंच आवरला असता, आता पसरलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पिशवीच काढून टाकली तर, असं वडील भेटेल त्याला विचारत राहिले. शेवटी शेवटी अंगाचा वास लेकीला येऊ नये म्हणून आई भिंतीकडे तोंड करून निजायची, आणि ती जवळ गेली की माफी मागायची.

आई गेल्यावर शिवणघरातल्या बायका भेटायला आल्या. आत्या त्यांना सांगत होती, "पोटाचं दुखणं. नशीब, दुसरं काय." वडील जमिनीकडे बघत होते. पाणी आणायला आत्या उठली आणि जाता जाता तिनं वळून स्वतःची बसायची जागा न्याहाळली. आईही डाग पडलाय का म्हणून तशीच न्याहाळायची.

"पोटाचं नव्हतं," मुलगी म्हणाली. "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. भानगडीनं नाही झाला. आपण सगळ्यांनी लपवून वाढवला."

आत्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मुलीनं तो काढून खाली ठेवला, तिचा हात धरला, आणि आईला सांगायचं राहिलेलं सगळ्यांदेखत बोलली.

"आत्या, चल. मी येते बरोबर."