रोज बोटभर

मिस्त्रींच्या संथपणाची ख्याती सगळ्या गल्लीत होती. त्यांच्याकडे पाळणा करायला टाकला, तर तो घरी येईपर्यंत बाळ दप्तर मागायला लागतं, असं लोक म्हणायचे. काम मात्र असं, की तीस वर्षांपूर्वीचं कपाट आजही कुरकुरत नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, या संथपणाशी उभा जन्म भांडल्या आणि एकदाही जिंकल्या नाहीत.

अशा घरात ती कुत्री आली. आणली काकूंनीच. आठवड्यातून दोनदा त्या मुक्या जनावरांच्या आसऱ्यात चादरी धुवायला जायच्या. तिथे पिल्लांचा धंदा करणाऱ्या एकाकडून सोडवलेली अकरा कुत्री आली होती. त्यातली ही सहा वर्षांची, लांब कानांची, तपकिरी-पांढरी. सहा वर्षांत पिंजऱ्याबाहेर पाऊल नाही. वेतामागून वेत, आणि पिल्लू धडपणे चालायला लागलं की कुणीतरी उचलून न्यायचं. नाव नव्हतं, कानात आकडा गोंदलेला होता. आसऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की हिला सहा आठवडे कुणीतरी घरी सांभाळायला हवं. तेवढ्यात ती माणसांसमोर उघड्या खोलीत राहायला आणि गळ्यात पट्टा घालून घ्यायला शिकली, तर तिच्यासाठी कायमचं घर बघता येईल. नाहीतर मागच्या जाळीच्या खोलीत उरलेला जन्म. काकूंनी तिथल्या तिथे शब्द दिला.

पहिला अख्खा दिवस कुत्री भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फरशी म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं. तारेच्या जाळीवर वावरलेली, म्हणून एकेक पाय उंच उचलायची आणि बिचकत टेकवायची. भांडं वाजलं की जमिनीला चिकटायची. मिस्त्री तिला बाईसाहेब म्हणू लागले. इतकी वर्षं कुणी काहीच म्हटलं नाही, आता जरा मानानं हाक मारू, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग मिस्त्रींनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. दोन दिवसांत एक काम पुरं केलं. बैठकीच्या खोलीत बाईसाहेबांसाठी लाकडी घर उभं राहिलं. एकही खिळा नाही, खाचेत खाच बसवून सरसानं पक्कं केलेलं, कडा अशा घासलेल्या की गालावरून फिरवाव्यात. वर सुटं छप्पर, पुढे दार. कुत्री सुळकन आत गेली. दोघं नवराबायको एकमेकांकडे बघून हसली.

ती आत गेली ती गेलीच. माणसं आसपास नसली तरच बाहेर येऊन खायची आणि परत आत. आठवडा झाला. डॉक्टरीणबाई बघायला आल्या, घरावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "काका, पिंजरा फार सुंदर केलात."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. काकूंनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं, की ते खोकं उचलून टाका. मिस्त्री म्हणाले, बघतो. त्यांचं बघणं किती महिन्यांचं असतं हे काकूंना पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ते लाकडाच्या वखारीत गेल्यावर काकूंनी धीर करून छप्पर उचललं.

कुत्री ओरडली नाही, पळाली नाही. आहे तिथे सपाट झाली आणि तिच्याखाली ओल पसरली. पिंजऱ्याचं असंच वरून झाकण उघडायचं आणि पिल्लू न्यायला हात आत यायचा, हे काकूंना तेव्हा उमगलं. त्यांनी छप्पर परत ठेवलं, पण दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही.

मिस्त्री रागावले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "मी कोंडलं, तू घाबरवलंस. फिटंफाट. आता घर उतरवू."

पण उतरवणार कसं? खिळे असते तर उपटले असते. सरस असा बसला होता, की तोडायचं तर हातोडा लागला असता, आणि हातोड्याच्या एका घावात केलं-सवरलं धुळीला मिळालं असतं. आपलंच कसब आपल्या मुळावर येणं म्हणतात ते हे.

पुढचे दोन दिवस मिस्त्री दुपारी चार वाजता घरापाशी फरशीवर येऊन बसले आणि लाकडाचा एक तुकडा पॉलिश पेपरनं घासत राहिले. आत बघायचं नाही, बोलवायचं नाही. तिसऱ्या दिवशी बारीक दातांची करवत आणली. छपराच्या कडेची बोटभर पट्टी कापायची. आतले कान मागे गेले की थांबायचं, कान पुढे आले की पुन्हा चार हात मारायचे. पट्टी निघाल्यावर उरलेली कड घासून गुळगुळीत करायची. काकू म्हणाल्या, उद्या कापायचीच आहे ती कड, आज घासता कशाला? ते म्हणाले, आज रात्री तिला तिथेच नाक लावायचंय ना.

काकू कॅलेंडरसमोर जाऊन बोटं मोजायच्या. नऊ दिवसांत छप्पर गेलं. भिंतींची उंची राहिली सतरा बोटं आणि दिवस राहिले अठरा. रोज बोटभर. एक दिवस जरी कुत्री बिथरली, एक दिवस जरी मिस्त्रींची पाठ धरली, की हिशोब कोलमडला. पण चार वाजले की हा माणूस हजर. ज्यानं आयुष्यात गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पाळली नव्हती, तो या बाईसाहेबांची वेळ चुकवत नव्हता. आणि तेही आपलं सगळ्यात देखणं काम आपल्याच हातानं संपवायला. काकू दारात उभ्या राहून बघायच्या आणि टोमणा मारायचं विसरून जायच्या.

भिंती निम्म्या झाल्या तेव्हा कुत्रीनं हनुवटी कापलेल्या कडेवर ठेवली आणि ती करवतीकडे बघू लागली. काकूंना आजवर वाटत होतं, की आपण तिला नकळत फसवतोय. त्या दिवशी कळलं, की तसं काही नाही. तिला सगळं दिसत होतं. आपल्या डोक्यावरचं, बाजूचं रोज थोडं जातंय हे ती बघत होती, आणि जाऊ देत होती. जिच्याकडून सहा वर्षं फक्त नेलंच होतं, तिनं पुन्हा माणसाला काही नेऊ द्यावं, याला केवढी छाती लागते! नंतर एकदा तिनं लाकडाचं सालपट तोंडात धरून पाहिलं आणि थुंकलं. मिस्त्री म्हणाले, चव कळते बाईसाहेबांना, सागवान नाही हे ओळखलं.

शेवटच्या दिवशी खोलीच्या मधोमध नुसती फळी उरली होती आणि फळीवर कुत्री. डॉक्टरीणबाई आल्या, लांब बसल्या. चार वाजले. मिस्त्रींपाशी कापायला काही शिल्लक नव्हतं. ते रिकाम्या हातानं भिंतीला टेकून बसले, शेजारी काकू पट्टा घेऊन. कुत्री वाट बघत राहिली. मग उठली. फरशीवर एकेक पाय उंच उचलत आली, मिस्त्रींचे दोन्ही तळवे हुंगले आणि काकूंच्या गुडघ्याला पाठ लावून बसली. काकू पट्टा घालू लागल्या. कडी दोनदा सुटली. तिनं मान हलवली नाही.

डॉक्टरीणबाई कागद भरू लागल्या. नव्या घराला काय सांगू, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी आधी फळीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तिच्याजवळ बसून कुणीतरी रोज काम करावं," ते म्हणाले. "कुठलंही चालेल. फक्त तिच्याकडे बघत बसू नये."

तसं घर मिळायला बारा दिवस लागले. घरीच शिलाई करणारी एक बाई आली. मिस्त्री आत जाऊन हत्यारं पुसत बसले. बाहेर आले नाहीत. काकूंनी पट्टा तिच्या हातात दिला. कुत्री उंबऱ्यापर्यंत नीट गेली आणि तिथे थांबली. दारापलीकडे रस्ता होता.

शिंपीणबाईनं पट्टा ओढला नाही. ती बाहेरच्या पायरीवर बसली, पिशवीतून एक झबलं काढलं आणि खाली मान घालून दुमड शिवू लागली.

याला वेळ लागणार हे ओळखून काकू चहा टाकायला गेल्या. कप घेऊन आल्या तेव्हा उंबरा रिकामा होता, आणि पायरीवर दोघीजणी बसल्या होत्या.